प्रदर्शनाच्या आधीचे आठ दिवस

पहिल्यांदा गेलो तेव्हा रांगेत पन्नास मिनिटं होतो आणि आत अकरा. मुलांसाठीचं विज्ञान प्रदर्शन होतं, 'सगळ्याला हात लावा, खेळा' असं दारावरच लिहिलेलं. आमचा मुलगा ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, तेव्हा सहा वर्षांचा. रिक्षातून उतरलं की लगेच प्रदर्शनातली चाकं फिरवायची अशी त्याची समजूत, कारण मी त्याला तेवढंच सांगितलं होतं. मध्ये रांग असते, पिशवी तपासतात, मनगटावर कागदी पट्टी बांधतात, हे सांगायचं मला सुचलंच नाही. पट्टी बांधायला एका बेननी त्याचा हात धरला आणि तिथूनच फिस्कटायला लागलं. अकराव्या मिनिटाला स्वच्छतागृहात शेजारच्या कोणीतरी हात सुकवायचं घोंगावणारं यंत्र सुरू केलं. मी पोराला काखोटीला मारून बाहेर पळाले. सासूबाई वॉकर घेऊन आतच राहिल्यात, हे रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

आता तो अकरा वर्षांचा आहे. मधल्या काळात बडोद्यात असल्या बऱ्याच प्रदर्शनांना जाऊन आलो, दोन ठिकाणी मी दारात स्वयंसेवक म्हणून उभीही राहिले. एक गोष्ट पक्की कळली. आतल्या वस्तूंवर मुलं क्वचितच बिनसतात. बिनसतात ती एका वस्तूकडून दुसरीकडे जाताना, रांगेत, अंधाऱ्या वळणावर, स्वच्छतागृहात आणि 'चला, घरी' म्हटल्यावर. म्हणून खालची तयारी मुख्यतः या मधल्या जागांची आहे.

१. आठ दिवस आधी: फोन करा आणि नेमकं विचारा

'दिव्यांगांसाठी सोय आहे का?' असं विचारलंत तर 'हो हो, आहे ना' एवढंच उत्तर मिळेल. समोरचा खोटं बोलत नसतो. त्याच्या मते दारातली एक व्हीलचेअर म्हणजेच सोय. त्यामुळे प्रश्न सुटे सुटे विचारा:

- रांग उन्हात असते की मांडवात? एकाने रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन बाजूला बसायचं, हे चालेल का?
- मधूनच बाहेर पडायचं झालं तर कुठून पडता येतं?
- बाहेर आलो तर त्याच तिकिटावर परत आत सोडाल का?
- अंधारी खोली, लखलखणारे दिवे, धूर, अचानक मोठा आवाज, यांतलं काय काय आहे आणि कोणत्या वेळी?
- पायऱ्या किती? रॅम्प असेल तर किती लांब?
- सगळ्यात कमी गर्दी कोणत्या वारी, कोणत्या तासाला?

यांतला परत आत येण्याचा प्रश्न कधीही गाळू नका. बाहेर जाऊन दहा मिनिटं बसता येतं हे माहीत असलं की मूलही शांत असतं आणि आपणही. ते नसलं की 'तिकीट वाया जाईल' म्हणून आपण ताणत राहतो आणि मग व्हायचं ते होतं. शक्य असेल तर होकार मेसेजवर लेखी घ्या. फोनवर बोललेला माणूस त्या दिवशी दारात नसतोच.

रॅम्पची लांबी विचारायचं कारण साधं आहे. एक फूट उंची चढायची तर रॅम्प बारा फूट लांब हवा, हे सर्वसाधारण प्रमाण आहे. दोन पायऱ्यांवर टाकलेल्या फळीवरून व्हीलचेअर चढत नाही, चार जणांना उचलावी लागते, आणि वर बसलेल्या माणसाला ते आवडतं की नाही हे कोणी विचारत नाही.

फोनवर कायद्याचं पुस्तक उघडू नका, पण स्वतःला माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यात ऑटिझम, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता येतात. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. कला आणि मनोरंजन दिव्यांगांच्या आवाक्यात आणण्याची जबाबदारीही २०१६ चा कायदा सरकारवर टाकतो. 'दिसायला तर चांगला आहे की' असं दारात ऐकावं लागलं तर हे आठवलेलं बरं, निदान आपला आवाज तरी कापत नाही.

२. सहा दिवस आधी: एकट्याने जाऊन या

प्रदर्शन सुरू झालेलं असेल तर एकट्याने एक चक्कर मारा. मुलाला घेऊन 'बघू या तरी' म्हणत जाऊ नका.

मोबाइलवर फोटो काढा, पण वस्तूंचे नव्हे. बाहेरचं फाटक, रांगेचे दोर, सिक्युरिटीवाल्या काकांचा गणवेश, मनगटाची पट्टी, स्वच्छतागृहाचं दार, पाण्याचा नळ, बाहेर पडायचा दरवाजा, बसायला कोपरा. मग हॉलच्या मधोमध अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा. पत्र्याच्या मांडवात पंख्यांची घरघर, माइक आणि पोरांचा गलका एकमेकांत मिसळून जो आवाज होतो तो आपल्या कानाला सवयीने ऐकूच येत नाही. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं की कळतं.

एकदा खाली बसून बघा. व्हीलचेअरवरच्या माणसाला टेबलाची कड दिसते की त्यावरचा प्रयोग? गुडघे टेबलाखाली जातात का? माझा मावसभाऊ दृष्टिहीन आहे, त्याच्यासाठी मी चौथीच गोष्ट पाहते: कोणत्या वस्तू बोटांना काही सांगतात आणि कोणत्या नुसत्या पडद्यावर आहेत. 'हात लावा' म्हणणाऱ्या प्रदर्शनात अर्धे तरी गुळगुळीत टचस्क्रीन निघतात. त्याच्या भाषेत, "काचेला हात लावायला मी घरीच बसलो असतो."

३. पाच दिवस आधी: गोष्ट लिहा

अमेरिकेतल्या कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑटिस्टिक मुलांसाठी 'सोशल स्टोरी' ही पद्धत बसवली. येणाऱ्या प्रसंगात काय काय घडतं ते मुलाच्या बाजूने, छोट्या वाक्यांत लिहायचं. हुकूम कमी, वर्णन जास्त. वर काढलेले फोटो त्यातच चिकटवायचे. आमची एक गोष्ट अशी होती (तिच्यातलं घड्याळ म्हणजे वेळ सरेल तसा लाल रंग कमी होत जाणारं):

*आम्ही रिक्षातून उतरतो. बाहेर रांग असते. रांगेत कधी कधी खूप लोक असतात. मी कानावर इअरमफ लावू शकतो. एक बेन मनगटाला कागदाची पट्टी बांधतात. मला नको असेल तर आई ती पिशवीला बांधते. आत चाकं आहेत. एखादं चाक कदाचित बंद असेल. मग मी दुसरं निवडतो. घड्याळातला लाल रंग संपला की आम्ही बाहेर येतो. रिक्षात मी भाकरवडी खातो.*

पट्टी पिशवीला बांधली तर चालेल का, हे फोनवर आधी विचारलेलं होतं, म्हणून ते गोष्टीत आलं. जे आपल्या हातात नाही ते गोष्टीत कबूल करायचं नाही. 'कदाचित' हा शब्द तिथे अनुभवाने आलाय. एकदा मी कमाटीबाग या इथल्या मोठ्या बागेच्या गोष्टीत 'पुलावरून विश्वामित्रीतली मगर दिसते' असं लिहिलं. नदीत मगरी आहेत हे सगळ्या बडोद्याला ठाऊक आहे, पण आपण जाऊ तेव्हा त्यांनी वर यावं असा काही नियम नाही. पुलावर एक तास दहा मिनिटं उभे होतो.

आपल्या मराठी घरांत आणखी एक भानगड असते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी किंवा गुजराती, आणि दारातले स्वयंसेवक गुजरातीतच बोलणार. आमच्या मुलाला एका काकांनी 'अडशो नहि' म्हटलं. गुजरातीत याचा अर्थ 'हात लावू नका'. त्याने मराठीतला अर्थ घेतला, की तू कुठे अडकणार नाहीस, आणि खूश होऊन हात आणखी आत घातला. तेव्हापासून गोष्ट मराठीत लिहिते, पण त्यात चार वाक्यं त्या लोकांच्या तोंडची जशीच्या तशी टाकते: 'लाइनमां ऊभा रहो', 'अहीं आवो' (इकडे या), 'अडशो नहि', 'हवे बीजानो वारो' (आता दुसऱ्याची पाळी). खाली अर्थ. रोज झोपताना एकदा वाचायची. जास्त वेळा वाचली की मूल आदल्या दिवशीच थकतं.

वयात आलेल्या मुलांना ही गोष्ट बाळबोध वाटते. त्यांना फोटोंची यादी आणि हॉलचा हाताने काढलेला नकाशा द्या. नकाशावर गोंगाटाच्या जागी लाल आणि शांत कोपऱ्याला हिरवा ठिपका पुरतो.

४. कमाटीबागेत सराव

सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, सरावाला उत्तम. १८७९ पासून ती आहे आणि बाक, सावली, मोकळी जागा भरपूर. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा, रविवारी नको. तिथल्या संग्रहालयाची स्थापना सयाजीरावांनी १८८७ मध्ये केली, इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. उंच छतं, घुमणारे आवाज, गणवेशातले रखवालदार, तिकिटाची खिडकी, आणि आत देवमाशाचा प्रचंड सांगाडा नि इजिप्तची ममी. रांग, तिकीट, पिशवी, आत, बाहेर हा सगळा क्रम तिथे स्वस्तात गिरवता येतो. बागेतल्याच तारांगणात अंधाराची सवय होते. दाराजवळची खुर्ची मागा. दोन्हीकडे जाण्याआधी त्या दिवशी चालू आहे ना, एवढी चौकशी करा.

एक सापळा मात्र आहे. संग्रहालयात काहीच शिवायचं नसतं आणि प्रदर्शनात सगळंच शिवायचं असतं. नियम अक्षरशः घेणाऱ्या मुलाला हे अजिबात पचत नाही. आमच्याकडे दोन पुठ्ठे आहेत, एक हिरव्या हाताचा आणि एक लाल हाताचा. आत शिरताना आज कोणता, ते दाखवायचं. कधी कधी एकाच हॉलमध्ये दोन्ही लागतात.

गणपतीचे देखावे दाखवून गर्दीचा सराव करवावा, असं एक सुज्ञ नातेवाईक सुचवतीलच. कर्णे कानाशी असलेल्या त्या रांगेत मूल एकच गोष्ट शिकेल, की रांग म्हणजे संकट.

५. ज्याला हात लावायचा नाही ते आधी ठरवा

हा भाग आयोजकांनाही बहुधा माहीत नसतो, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांना लागू आहे त्यांनी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

*केस उभे करणारा गोळा.* तो स्थिर विजेवर चालतो. ज्यांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र आहे त्यांनी त्याच्याजवळ जाण्याआधी कानामागचा बाहेरचा भाग काढून लांब ठेवावा, नाहीतर त्यातलं सेटिंग बिघडू शकतं. चमकणाऱ्या प्लाझ्मा गोळ्याचंही तेच. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर आणि चेंडूंच्या हौदातही स्थिर वीज तयार होते. पेसमेकर असलेल्या आजोबांनी हा प्रयोग लांबून बघावा.

*चुंबकांचं टेबल.* मेंदूतलं पाणी काढायला काही मुलांच्या डोक्यात शंट, म्हणजे झडप असलेली बारीक नळी, बसवलेला असतो. बाहेरून चुंबकाने जुळवायचा प्रकार असेल तर जोरदार चुंबक डोक्याजवळ आला की त्याची पातळी बदलू शकते. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला असा शंट आहे. ती चुंबकाशी हाताने खेळते, पण टेबलावर वाकत नाही, एवढाच नियम.

*फुगे.* स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट जुळलेला नसणं) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाची, ॲलर्जी पुष्कळ आढळते, आणि साधे रबरी फुगे लॅटेक्सचेच असतात. दारात फुग्यांची कमान असेल तर आधी कळलेलं बरं.

*उड्या मारायची जाळी.* डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ट्रॅम्पोलिन आणि कोलांटउड्या नकोत.

*लखलखणारे दिवे.* प्रकाशाने झटके येणाऱ्यांना सेकंदाला तीन ते तीस या वेगाची उघडझाप धोक्याची. अचानक सामोरी आली तर डोळे मिटू नका, मिटलेल्या पापण्यांतूनही झगमग पोचते. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा. कांदा किंवा चप्पल घेऊन धावत येणारा कोणीतरी असतोच, त्याला पाणी आणायला पाठवा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८.

६. पिशवी आणि कागद

- युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), मूळ आणि मोबाइलमध्ये फोटो. सवलती बहुतेक ठिकाणी ४० टक्के आणि वरच्या अपंगत्वाला मिळतात, सोबतच्या माणसाचं तिकीट माफ आहे का तेही विचारा. कार्ड अजून आलं नसेल तर सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र.
- इअरमफ. गाणी ऐकायचे हेडफोन नव्हेत, आवाज अडवणारे. घरी आठवडाभर लावून सवय करा. पहिल्यांदा गर्दीत लावले तर काढून फेकतात.
- टोपी किंवा गॉगल, दिव्यांचा त्रास होत असेल तर.
- हाताला चाळा: रबरी कडी, कापडाचा तुकडा, जे रोजचं असेल ते.
- लाल रंग कमी होत जाणारं घड्याळ. मोबाइलवर फुकट मिळतं.
- ओळखीचा खाऊ आणि बाटली. तिथे काहीतरी मिळेल यावर विसंबू नका, तिखट सेवउसळ मिळेल.
- श्रवणयंत्राच्या जादा बॅटऱ्या, एक कपड्यांचा जोड, नॅपकिन.
- बोलण्यासाठी चित्रांचं पुस्तक किंवा टॅबवरचं ॲप वापरत असाल तर ते, शिवाय महत्त्वाची सहा चित्रं छापून. चार्जिंग नेमकं तिथेच संपतं.
- खिशात एक कार्ड, गुजराती लिपीत. आमच्यावर असं आहे: 'मने ऑटिझम छे. बहु घोंघाट थाय तो हुं गभराई जाउं छुं. मने अडशो नहि, थोडी जग्या आपो.' म्हणजे, मला ऑटिझम आहे, फार गोंगाट झाला की मी घाबरतो, मला हात लावू नका, थोडी जागा द्या. खाली माझा नंबर.

परदेशात न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी हिरवी, सूर्यफुलांची गळपट्टी घालतात, ती २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. आम्हीही मागवली. 'सरस छे, क्यांथी लीधी?' (छान आहे, कुठून घेतली?) असं दोघांनी विचारलं, बाकी उपयोग शून्य. कार्ड बरं.

७. त्या दिवशी

दार उघडतानाच पोचा. पहिल्या तासात माइकवाला अजून चहाच पीत असतो.

दोन मोठी माणसं हवीतच. एक मुलाबरोबर, एक रांग, सामान आणि सासूबाईंबरोबर. कोण कुठे, ते घरीच ठरवा. आम्ही ठरवलं नव्हतं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

पहिली पाच मिनिटं काही करायचं नाही. शांत कोपरा आणि बाहेरचा दरवाजा दाखवा, मग पहिली वस्तू. सगळं बघायचा हट्ट आपलाच असतो. आमच्या मुलाने एकदा पाऊण तास एकच दातेरी चाक फिरवलं. ह्यांचा जीव वरखाली होत होता. मी म्हटलं, दीडशे रुपयांत पाऊण तास आनंद, आणखी काय हवं?

दृष्टिहीन माणसाचा हात धरून ओढू नका. आपलं कोपर द्या, त्याला ते धरू द्या. वस्तूवर हात नेऊन आदळण्याऐवजी घड्याळाच्या तबकडीप्रमाणे दिशा सांगा: 'समोर टेबल, बाराच्या काट्यावर मूठ, तीनच्या काट्यावर गरम भाग.' कमी ऐकू येणाऱ्यांना अंधाऱ्या खोलीत ओठ दिसत नाहीत, म्हणून आत काय होणार ते दाराबाहेर उजेडातच समजावून द्या. सासूबाईंना मी आता मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते. मे महिन्यात व्हीलचेअर उन्हात ठेवू नका, चाकाच्या कडीचे हाताला चटके बसतात.

८. बिनसलंच तर

कानावर हात, एकच वाक्य पुन्हा पुन्हा, चवड्यांवर चालणं, एकदम गप्प होणं. आपल्या मुलाची पहिली खूण आपल्याला ठाऊक असते. ती दिसली की तेव्हाच बाहेर, 'हे एवढं बघून जाऊ' नाही.

पूर्ण सुटलंच तर बोलणं बंद करा. समजावणं, दटावणं, मिठी, खाऊचं आमिष, यातलं काही आत पोचत नाही. गर्दीकडे आपली पाठ करून आडोसा करा, आवाज आणि उजेड कमी करा, थांबा. हा हट्ट नव्हे, तो थांबवणं मुलाच्या हातात नसतं. बघ्यांसाठी एकच वाक्य पाठ करून ठेवा. माझं आहे, 'बराबर थई जशे, थोडी जग्या आपो' (ठीक होईल, थोडी जागा द्या). त्याहून जास्त खुलासा देत बसायची गरज नाही, मी सुरुवातीला फार द्यायची.

९. निघणं

निघण्याआधी दहा, पाच आणि दोन मिनिटांवर घड्याळ दाखवा. शेवटची वस्तू मुलाला निवडू द्या आणि ती चालू आहे याची आधी खात्री करा. निघण्याचा रस्ता स्मरणवस्तूंच्या दुकानातूनच काढलेला असतो. त्याबद्दल गोष्टीत लिहून ठेवा: एक वस्तू, किंवा नुसतं बघायचं.

घरी आल्यावर लगेच 'काय आवडलं?' विचारू नका. दुसऱ्या दिवशी फोटो पुढे ठेवा, तो स्वतः दाखवेल. वहीत दोन ओळी लिहा: कुठे बिनसलं, किती वाजता.

आणि आयोजकांना चार ओळी लिहा. तक्रार म्हणून नको, एकच ठोस गोष्ट मागा. त्या पहिल्या प्रदर्शनवाल्यांना मी हात सुकवायच्या यंत्राबद्दल लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी गेलो तर यंत्राचं बटण बंद होतं आणि शेजारी स्टुलावर पेपर नॅपकिनचा गठ्ठा. मुलाने हात पँटला पुसले आणि चाकांकडे गेला.